पाहणारा कुठे उभा आहे?

परवा रात्री साडेअकराला मॅडमचा मेसेज: "अगं, हा तारा तुला दिसला कुठे? माझ्याकडे तिथे काहीच नाही."

माझ्या पोटात गोळा. चार दिवस बसून तक्ता केला होता. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीतून आम्हाला एक फिकट धूमकेतू बघायचाय आणि कोणत्या तारखांना त्याच्या मागे ठळक तारा येत नाही, ते शोधायचं काम माझ्याकडे. तारा आला की संपलंच. दुर्बीण धूमकेतूबरोबर सरकत असल्यामुळे मागचे तारे रेघा होऊन फासले जातात. म्हणून नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या होरायझन्सवरून (ग्रह-धूमकेतूंच्या आकाशातल्या जागा सांगणारी सेवा) रोजच्या जागा काढल्या, अलादीन या आकाशनकाशाच्या प्रणालीवर टाकल्या आणि तीन तारखांवर लाल फुली मारली.

चूक सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. होरायझन्समध्ये 'निरीक्षकाचं ठिकाण' हा रकाना असतो. तो मी हातही न लावता तसाच सोडला होता: पृथ्वीचा केंद्रबिंदू. वेब तर पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर पलीकडे!

पाठकोऱ्या कागदावर गणित मांडलं. धूमकेतू आमच्यापासून सूर्य-पृथ्वी अंतराच्या दुप्पट लांब. १५ लाखांना ३० कोटींनी भागलं, तर कोन आला सुमारे १७ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे अर्ध्या चंद्रबिंबाहून थोडा जास्तच. आणि प्रकाशाचे रंग सुटे करणाऱ्या ज्या वर्णपटमापकाच्या चौकटीत धूमकेतू बसवायचा, ती जेमतेम ३ विकला रुंद; विकला म्हणजे कलेचा साठावा भाग.

दुर्बीण मात्र चुकीकडे वळली नसती. निरीक्षणाचा प्रस्ताव भरायचं एपीटी हे सॉफ्टवेअर वेबची जागा स्वतःच धरतं. खोटा होता तो फक्त माझा तक्ता, रंगीत फुल्यांसकट.

गंमत म्हणजे या सगळ्यात वेब धूमकेतूकडे बघून त्याचा पाठलाग करतच नाही. ती एका मार्गदर्शक ताऱ्यावर नजर ठेवते आणि त्या ताऱ्याला मार्गदर्शक कॅमेऱ्यात हिशेबाने सरकू देते. तारा सरकला की धूमकेतू आपोआप स्थिर. पण त्या कॅमेऱ्याचं आकाश दोन-सव्वादोन कलांचं. तारा कडेला पोचला की दुसरा धरावा लागतो, निरीक्षणाचे तुकडे पडतात. आमचा धूमकेतू तासाला अर्धी कला चालतो, त्यामुळे फारशी चिंता नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाचं डार्ट यान डिमॉर्फस या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं, तेव्हा वेबने सेकंदाला १०८ मिलिआर्कसेकंदांचा (विकलेच्या हजाराव्या भागाचा) वेग झेलला होता. ठरलेली मर्यादा तेव्हा ३० होती!

बरेच ग्रह-लघुग्रह वेबला संथ दिसतात, त्याचं कारण बाबांच्या पंचांगात आहे. सूर्यपडद्यामुळे तिला सूर्यापासून ८५ ते १३५ अंशांतलंच आकाश दिसतं. प्रतियुती, म्हणजे ग्रह सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येणं, तिच्या नशिबातच नाही. पण गुरू वक्री किंवा मार्गी होताना सूर्यापासून साधारण ११५ अंशांवर असतो, म्हणजे ऐन खिडकीत आणि जवळजवळ थबकलेला. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग मुहूर्तच काढताय की तुम्ही!"

असो. होरायझन्सच्या त्या रकान्यात वेबचा क्रमांक टाकला, उणे १७०, आणि पहाटे अडीचपर्यंत सगळं पुन्हा काढलं. लाल फुलीच्या तिन्ही तारखा स्वच्छ निघाल्या. आणि जिच्यावर मी हिरवी खूण करून "उत्तम!" लिहिलं होतं, त्या तारखेला धूमकेतूच्या डोक्यावर अकराव्या प्रतीचा, म्हणजे वेबसाठी भलताच ठळक तारा बसलेला.

मॅडमना नवा तक्ता पाठवला. लगेच उत्तर आलं, म्हणजे त्याही जाग्याच होत्या.

"आता जुळलं. झोप."