चार गोळ्या: एक मेलेली, एक आजारी

इथले सीबीवाले (सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, ट्रकवाले वापरतात तो रेडिओ) पॉवर ट्रान्झिस्टरला 'पिल' म्हणतात, म्हणजे गोळी. दोन गोळ्यांचा अ‍ॅम्प्लिफायर, चार गोळ्यांचा, आठ गोळ्यांचा. ओहायोत येऊन पंधरा वर्षं झाली, तरी हा शब्द ऐकला की मला आधी औषधाचं दुकानच आठवतं. तर मे महिन्यात झेनियाला हॅमव्हेन्शन या हौशी रेडिओवाल्यांच्या मेळ्यातल्या फ्ली मार्केटमध्ये एका टेबलाखाली चार गोळ्यांचा डबा दिसला. वर चिठ्ठी: चालत नाही, परत घेणार नाही. साठ डॉलर दिले आणि काखेत मारून आणला. बायकोने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि गॅरेजचं दार लावून घेतलं.

कायद्याचं आधी सांगून टाकतो, कारण कुणीतरी विचारणारच. सीबी म्हणजे २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झमधली ४० चॅनेलं. एएम आणि एसएसबी या आवाज पाठवायच्या दोन पद्धती: एएमला ४ वॉट, एसएसबीला १२ वॉट पीक, बस. बाहेरून अ‍ॅम्प्लिफायर जोडायला एफसीसीची, म्हणजे अमेरिकी सरकारच्या दळणवळण आयोगाची, साफ मनाई आहे. हायवेवर एकोणीस नंबरच्या चॅनेलवर अर्ध्या राज्याला ऐकू जाईल असं बोलणारे ट्रकवाले भेटतात ते वेगळं. परवानाधारक हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, मात्र असा अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच्या स्टेशनसाठी बदलून घेता येतो. मला तो १० मीटर बँडवर, २८.४ मेगाहर्ट्झच्या आसपास चालवायचा आहे. सत्तावीसवर तो कधीही लागणार नाही.

झाकण उघडलं. आत २एससी२८७९, चारही. तोशिबाचा हा जुना घोडा १२.५ व्होल्टवर २८ मेगाहर्ट्झला १०० वॉट पीक देतो, तेरा डेसिबल गेन (म्हणजे पॉवर सुमारे वीसपट), कलेक्टर करंटची मर्यादा २५ अँपियर. कंपनीने तो बनवणं कधीच बंद केलंय, त्यामुळे खऱ्या मालाला सोन्याचा भाव आहे.

थेट सप्लाय लावला नाही. १३.८ व्होल्टच्या वायरीत गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब सिरीजमध्ये घातला. ही युक्ती मला पुण्यात, बीईएल १८७-१८८ च्या जोड्या जाळण्याच्या वयात कुणी शिकवली असती तर पॉकेटमनी वाचला असता. स्विच टाकला आणि बल्ब लख्ख पेटला. कलेक्टरच्या लाइनवर सरळ शॉर्ट. फ्यूज उडाला नाही, धूर नाही, गॅरेजमध्ये नुसता छान उजेड.

आता कोणती गोळी मेली? मल्टिमीटरने बोर्डावरच तपासायला गेलात तर चारही मेलेल्या दिसतील. पुश-पुल जोडीचे (आळीपाळीने काम करणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरांचे) दोन्ही कलेक्टर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतून जोडलेले असतात आणि दोन्ही जोड्या एकाच सप्लायवर, म्हणजे डीसीच्या नजरेत चारही कलेक्टर एकच. बेसचंही तेच, इनपुट ट्रान्सफॉर्मर आणि बायसच्या (बेसला आधीपासून थोडा करंट देणाऱ्या) रेझिस्टरांमुळे. सोडवल्याशिवाय खरं काही कळत नाही.

सोडवताना आधी पाय, मग स्क्रू. एमिटरचे दोन रुंद पाय ग्राउंडच्या तांब्यावर बसलेले असतात, ते सगळी उष्णता ओढून घेतात. चाळीस वॉटच्या आयर्नने नुसती चिकचिक होते. शंभर वॉटची गन आणि तांब्याची जाळी घेतली, एकेक पाय हळूच वर उचलला. जोर करायचा नाही, कारण आतला सिरॅमिक बेरिलियम ऑक्साइडचा असतो. अख्खा असताना निर्धोक, पण फुटला किंवा घासला तर त्याची धूळ फुफ्फुसाला घातक. मेलेला ट्रान्झिस्टर आत काय आहे बघायला फोडणारे महाभाग मी पाहिलेत. फोडू नका.

बाकावर चार गोळ्या ओळीने मांडल्या आणि मीटर डायोडवर घातला. पहिली आणि दुसरी: बेस-एमिटर ०.५६, बेस-कलेक्टर ०.५४, उलटं काहीच नाही. तिसरी: कलेक्टर-एमिटर ०.००, दोन्हीकडून. ही मेलेली. चौथी, म्हणजे मेलेलीची जोडीदार: ०.५५ आणि ०.५४. मीटर म्हणतो, ठणठणीत.

बरेच जण इथेच थांबतात. एक नवी गोळी घालतात आणि आठवडाभरात पुन्हा जाळतात. मीटर एक मिलीअँपियरने जंक्शन चाचपतो, त्यावरून पंचवीस अँपियरच्या माणसाची तब्येत कळत नाही.

म्हणून लाकडाच्या फळीवर एक जुना हीटसिंक ठोकून चाचणीची जागा केली. पहिली चाचणी गळतीची: बेस मोकळा, कलेक्टरला १२ व्होल्ट एक किलोओहममधून. पहिल्या दोघींनी रेझिस्टरवर पन्नास मिलीव्होल्टही पडू दिले नाहीत. चौथीने ३.१ व्होल्ट पाडले. बेसला काही न देता तीन मिलीअँपियर गळतायत! दुसरी चाचणी करंट गेनची, म्हणजे बेसच्या करंटच्या किती पट करंट कलेक्टरमधून जातो त्याची: कलेक्टरवर ५ व्होल्ट, बेसला १२ व्होल्टमधून ४७० ओहम, म्हणजे साधारण २४ मिलीअँपियर.

इथे तासभर फुकट गेला. आकडा स्थिरच होईना. ३०, ६०, मध्येच १५, आणि वायरीजवळ बोट नेलं की उडीच. गोळी नाही, माझी जागा बिघडलेली होती: हा आरएफचा, म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सीचा, ट्रान्झिस्टर आहे, वीतभर वायर मिळाली की स्वतःच ऑसिलेट होतो. बेसच्या पायात फेराइटचा मणी ओवला, जवळच ०.१ मायक्रोफॅरड लावला, आणि आकडे गप बसले. पहिलीचा गेन ४२, दुसरीचा ४४, चौथीचा १९. डेटाशीट १० ते १५० एवढं सगळं पास करते, म्हणजे कागदावर चौथीही पास. पण गळती आणि १९ मिळून मी तिला आजारी ठरवलं आणि मेलेलीच्या शेजारी डबीत टाकलं.

नवीन मागवण्याआधी एक प्रश्न सुटायला हवा होता: तिसरी मेली कशाने? बोर्ड भिंगाखाली घेतला. त्या जोडीच्या बाजूचा बॅलन्स रेझिस्टर (दोन जोड्यांमधला फरक जिरवणारा) काळा पडलेला, पण तो परिणाम होता, कारण नव्हे. एक जोडी गप झाली की दुसरीची अर्धी पॉवर तिथेच जळते. खरा गुन्हेगार वर लटकत होता: बायसचा डायोड. तो हीटसिंकला चिकटलेला असायला हवा. सिलिकॉन तापलं की बेस-एमिटरचा व्होल्टेज दर अंशाला साधारण दोन मिलीव्होल्टने उतरतो, डायोडही तितकाच उतरला तर करंट ताब्यात राहतो. इथे गोंद सुटून डायोड हवेत थंड बसलेला आणि खाली ट्रान्झिस्टर तापतोय, करंट वाढतोय, म्हणून आणखी तापतोय. तिसरीच्या खालची, हीटसिंककडे उष्णता नेणारी पेस्टही वाळून पिठासारखी झाली होती. अशा जोडीवर कुणी दहा मिनिटं गप्पा मारल्या की संपलं.

मग खरेदी. पहिल्या विक्रेत्याने ऑनलाइन 'अस्सल' म्हणून पाठवलेल्या दोन गोळ्यांचा गेन ४७ आणि ११८. एकाच पाकिटातल्या, एकाच तारखेच्या शिक्क्याच्या! कापसाला अ‍ॅसिटोन लावून शिक्का पुसला, तर तोशिबाच पुसून गेली. परत पाठवल्या. दुसऱ्या विक्रेत्याकडून जुळवून दिलेली जोडी महाग पडली, पण माझ्या फळीवर ४५ आणि ४६ आली.

बसवताना क्रम उलटा. नवी पेस्ट अगदी पातळ, कागदावर तेलाचा डाग पडावा इतकीच, आधी स्क्रू आवळले, मग पाय सोल्डर केले, नाहीतर ओढ सगळी सिरॅमिकवर येते. डायोड हीटसिंकला नीट चिकटवला, बॅलन्स रेझिस्टर बदलला. हेडलाइटचा बल्ब पुन्हा सिरीजमध्ये: अंधार. इतका आनंद मला दिवाळीच्या कंदिलाने दिला नसेल. बायस फिरवून दर गोळीला १०० मिलीअँपियर ठेवला.

शेवटी आरएफ. जुन्या हीथकिटच्या तेलाच्या डब्यातला डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर), ३० अँपियरचा सप्लाय, रेडिओ १० वॉटवर. बाहेर पडले १८५ वॉट, २९ अँपियर, टर्मिनलवर १३.६ व्होल्ट. पावणेतेरा डेसिबलच्या आसपास. वर जायचं तर सप्लाय मोठा हवा, म्हणून तिथेच थांबलो. आउटपुटचा थोडासा सिग्नल काढून स्पेक्ट्रम पाहिला: ५६.८ मेगाहर्ट्झचा दुसरा हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, नको असलेला सिग्नल) २८ डेसिबल खाली, पण ८५.२ चा तिसरा फक्त १७. हॅमसाठी किमान ४३ हवेत. या अ‍ॅम्प्लिफायरांत फिल्टर नावाची वस्तूच नसते. सात घटकांचा लो-पास होईपर्यंत याला अँटेना दिसणार नाही.

आणि एक गोष्ट खटकतेय. दोन मिनिटं कॅरियर, म्हणजे सलग सिग्नल, दिल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहिलं तर नव्या जोडीच्या फ्लँजवर (स्क्रू लागतो त्या धातूच्या तळावर) ५८ अंश, जुन्या जोडीवर ६६. बायस सारखा, गेन जवळजवळ सारखा. मग लक्षात आलं की चाचणीनंतर जुन्या जोडीखालची पेस्ट मी पुसलीच नव्हती, आहे त्याच्यावरच स्क्रू आवळले होते. म्हणजे शनिवारी पुन्हा आठ पाय सोडवायचे.