काळीचं पाणी आणि आमचे बंधारे

रविवार, रात्री

खांदे असले दुखालेत की वहीत लिहिणं शक्यच नाही, म्हणून मोबाईलवर टाईप करतेय. काल आणि आज दांडेलीजवळ गणेशगुडीला होते, काळी नदीवर, कयाकिंग शिकायला. राफ्टिंग नव्हे हां. ते आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी केलंय, रबरी बोटीत सगळ्यांनी मिळून बसायचं, गाईड ओरडेल तसं वल्हं मारायचं आणि संध्याकाळी स्टेटसला फोटो. कयाकमध्ये आपण एकटंच. अडीच-पावणेतीन मीटरची जाड प्लास्टिकची बोट, गुडघे-मांड्या आत घट्ट बसवायच्या आणि कमरेला घातलेलं स्प्रे स्कर्ट बोटीच्या तोंडावर ताणून बसवायचं म्हणजे पाणी आत येत नाही. ते बसवल्यावर डोक्यात एकच येतं, उलटली तर बाहेर कसं पडायचं?

शिकवतात पण तेच आधी. शांत डोहात मुद्दाम उलटं व्हायचं, पाण्याखाली डोकं खाली, पुढं वाकायचं, बोटीच्या बुडावर दोन थापा मारायच्या, स्कर्टचा पुढचा पट्टा ओढायचा आणि टाईट जीन्स काढतात तसं पाय सोडवत बाहेर. ह्याला वेट एक्झिट म्हणतात. नाकात पाणी जातंय ते जातंयच. आमचे सर रामनगरचे, मराठीत कोंकणी मिसळून बोलणारे, दरवेळी एकच, "मॅडम, पट्टा बाहेर राहिलाय काय बघा आधी." पट्टा स्कर्टखाली दबला तर ओढणार काय!

बोटीतनं बाहेर न पडताच कंबर आणि वल्ह्याच्या जोरावर सरळ व्हायचं, तो रोल. इनुइट शिकारी कातडी बोटीत हे पहिल्यापासून करत होते, कारण तिकडच्या बर्फगार पाण्यात बाहेर पडलेला माणूस फार वेळ टिकत नाही. युरोपात पावलाटा नावाच्या ऑस्ट्रियन माणसाला ते १९२७ साली जमलं. मला नाही जमलं. डोकं सगळ्यात शेवटी पाण्याबाहेर यायला पाहिजे आणि माझं डोकं सगळ्यात आधी वर यायला धडपडतंय.

आज वाहत्या पाण्यात नेलं. रॅपिडना, म्हणजे खळाळत्या पाण्याच्या टप्प्यांना, एक ते सहा ग्रेड असतात, एक सगळ्यात सोपी, काळीचा हा राफ्टिंगचा पट्टा दोन-तीनचा, आम्ही आपले कडेकडेनं एकवर. आणि नदी म्हणजे तरी काय, सुपा धरणाच्या पॉवरहाऊसमधनं पाणी सुटेल तेवढीच. सरांच्या आज्जीचं गाव त्या धरणाच्या पाण्याखाली आहे, रामनगर वसलंच मुळी तसल्या लोकांसाठी, आणि नातू त्याच पाण्यावर पोट भरतोय. ते हे इतकं सहज बोलून गेले की मला पुढं काही विचारवलं नाही.

मोठ्या खडकाच्या मागं पाणी उलटं, वरच्या बाजूला येतं. ती एडी, दम खायची जागा. तिथनं धारेत शिरताना बोट प्रवाह जातो त्या बाजूला कलती ठेवायची, पाणी येतं त्या बाजूची कड बुडाली की पाणी तिच्यावर चढतं आणि कळायच्या आत उलटं. खडकावर आपटायची वेळ आली तर खडकाकडंच झुकायचं, लांब नाही. आणि पाण्यात पडलं तर उताणं, पाय वर आणि पुढं, धारेत उभं राहायचंच नाही कारण पाय दगडात अडकला की पाणी माणसाला दाबून धरतं.

चहा पिताना सहज विचारलं, आमच्या निपाणीकडं वेदगंगेत करता येईल काय हो हे? तर म्हणाले, बंधारे किती आहेत तुमच्याकडं? मी मोजायलाच लागले, जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ... त्यांनी हातच जोडले. बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेल्या बंधाऱ्यावरनं पाणी सरळ रेषेत सांडतं ना, ते तळाला जातं आणि वरचं पाणी परत भिंतीकडं ओढलं जातं. त्यात सापडलेला माणूस पण परत परत भिंतीकडंच. फेसात हवाच जास्त, त्यामुळं नीट तरंगता येत नाही. नदीतल्या खडकाला बहुतेक कुठंतरी कड असते, तिथनं निसटता येतं, बंधारा तर ह्या काठापासनं त्या काठापर्यंत. पावसाळ्यात बरगे काढले तरी सुटका नाही, खांबांना ओंडके-झुडपं अडकतात, पाणी त्यातनं निघून जातं आणि माणूस तिथंच राहतो.

आणि आम्ही मात्र धबधबा बघून घाबरणार आणि दर जुलैत बंधारा पाण्याखाली गेला की पोराबाळांना घेऊन बघायला जाणार. काही जण तर त्यावरनं गाडी घालतात!

घरी आल्या आल्या भाच्याला फोन केला, तो मित्रांबरोबर बंधाऱ्यावरनं उड्या मारतो. म्हणतो, "मावशी, चार फूट तर पाणी पडतंय, काय होतंय?" वरचं सगळं सांगितलं. गप्प ऐकला आणि मग, "मला पण ने की कयाकिंगला." ये म्हटलं, पण तिथं पहिल्या दिवशी डोकं खाली करून पाण्यात बुडवतात.