गाडीखालचा हिरवा डाग
सकाळी आईने हाक मारली, "अरे, सारवलेल्या अंगणात गाडीखाली कसला डाग पडलाय बघ!" आधी वाटलं, एसीचं पाणी. बोट लावलं तर बुळबुळीत, हिरवट. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव!

इंजिन रात्रभर गार होतं, म्हणूनच रेडिएटरच्या टोपीला हात लावला. खालच्या होस पाईपच्या तोंडाशी थेंब लोंबत होता. क्लिप गंजून हातातच तुटली. मालवणच्या खाऱ्या हवेत लोखंड टिकतं कुठे! गॅरेजवाल्या काकांनी पाईपचं चिरलेलं टोक अर्धा इंच कापून स्टेनलेसची क्लिप बसवली, कूलंट भरून त्यात अडकलेली हवा काढली.

डाग धुवायच्या आधी मोत्याला बांधून ठेवलं. कूलंट चवीला गोड लागतं, कुत्र्यामांजरांना मात्र विष. पोटात धस्स झालं होतं.

संध्याकाळी देवबागेपर्यंत जाऊन आलो. खाली पुठ्ठा टाकलाय, अजून कोरडाच आहे. उद्या आईला कुणकेश्वरला न्यायचंय.