आधी पाय बघा, मग चेहरा

युरोपीय चित्रकाराने रंगवलेली तुर्की घरातली बाई बघताना सुरुवात जमिनीपासून करावी. किती पाहून काढलंय आणि किती कल्पनेने भरलंय, ते तिथे लवकर कळतं.

जिनिव्हाचा चित्रकार ज्याँ-एतिएन लिओतार १७३८ ते १७४२ इस्तंबूलला होता. जिनिव्हाच्या संग्रहालयात त्याचं हमाममधली (तुर्की स्नानगृहातली) बाई आणि दासी यांचं चित्र आहे. दोघी उंच लाकडी खडावांवर उभ्या आहेत. हमामची फरशी तापलेली, ओली आणि निसरडी. म्हणून ही उंची. शिवाय बाईच्या बोटांची टोकं मेंदीने रंगलेली. हे सगळं पाहिल्याशिवाय सुचत नाही. पण चित्रातली बाई तुर्की नाही, तुर्की पोशाखातली युरोपीय वंशाची आहे. मुसलमान घराच्या जनानखान्यात परक्या पुरुषाला प्रवेशच नव्हता, त्यामुळे समोर बसायला बहुधा अशाच बायका मिळत. अशा चित्रात कपड्यांवर भरवसा ठेवावा, ओळखीवर नाही.

कपडे आतून बाहेर वाचावेत: पातळ लांब सदरा, सैल सलवार, त्यावर एन्तारी म्हणजे पुढून उघडा लांब झगा, कमरेला पट्टा. सदरा आणि सलवार गायब, अंगावर नुसता फेटा आणि दागिने, असं दिसलं की ते पॅरिसच्या स्टुडिओतलं काम समजायला हरकत नाही.

फ्रेंच चित्रकार अँग्रचं ‘तुर्की हमाम’ (१८६२, पॅरिसचं लूव्र संग्रहालय) याचं ठळक उदाहरण. तो तुर्कस्तानला कधी गेलाच नाही. तुर्कस्तानात राहिलेल्या इंग्रज राजदूताची बायको लेडी मेरी माँटेग्यू हिची पत्रं त्याने वाचली होती, आणि पाठमोरी वाद्य वाजवणारी बाई त्याच्याच १८०८ च्या चित्रातून उचललेली आहे. चित्रात पाण्याचा हौद दिसतो. इस्तंबूलच्या नेहमीच्या हमामात हौद नसतो; मधोमध तापवलेला संगमरवरी ओटा, भिंतीलगत दगडी कुंड्या, आणि वाडग्याने अंगावर घ्यायचं वाहतं पाणी. हौद असतो तो बुर्सासारख्या गरम झऱ्यांच्या गावी. अँग्रची रेषा अप्रतिम आहे, पण तुर्की घराचा पुरावा म्हणून ती वापरू नये.

मला सगळ्यांत मोलाची वाटते ती फ्रेंच चित्रकार आँरिएत ब्राऊन. बाई असल्यामुळे तिला दार उघडलं. १८६० मध्ये ती इस्तंबूलला गेली आणि १८६१ च्या पॅरिस सलोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, तिने जनानखान्याची दोन चित्रं मांडली. एकात पाहुणी आली आहे, घरातल्या बायका तिचं स्वागत करताहेत. अंगभर कपडे, मोकळी खोली, भिंतीलगत बैठक. नग्नतेची सवय लागलेल्या प्रेक्षकांना ही खोली फारच साधी वाटली असणार. पण पाहुण्यांची ये-जा, मुलं, गप्पा हेच तर तिथलं रोजचं जगणं होतं.