हिवरे बाजारला जाताय? आधी आपली विहीर मोजा

पाण्याच्या नियोजनासाठी नावाजलेलं हिवरे बाजार गाव बघायला सांगोल्याहून आम्ही चौघं पहाटे पाचला निघालो. टेंभुर्णी, करमाळा, नगर आणि तिथून पश्चिमेला पंधरा-वीस किलोमीटर. रस्त्याचं एवढंच.

मला खरं तर ठिबक सिंचन बघायचं होतं. डाळिंबासाठी तीन बोअर मारली, दोन आटली. अशा माणसाला दुसरं काय सुचणार? पण पोचल्यावर डोळे खिळले ते पाण्याच्या ताळेबंदाच्या, म्हणजे पाऊस किती आणि वापर किती या हिशेबाच्या, फलकावर. गावचं क्षेत्र साधारण ९७५ हेक्टर. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर, म्हणजे गावावर जवळपास एक कोटी. मी तिथंच मोबाइल काढून माझ्या पाच एकरांचं गणित केलं: मिलिमीटरला वीस हजार लिटर. वीस वर्षं शेती करतोय, हा आकडा कधी काढला नव्हता.

पाऊस वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास, आमच्यासारखाच. १९९० च्या सुमाराला पोपटराव पवार सरपंच झाले, त्यानंतर डोंगरावर समतल चर (पाणी अडवून मुरवायला उताराला आडवे खणलेले), बंधारे, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. मला महत्त्वाचं वाटलं ते पुढचं: शेतीसाठी बोअरला बंदी, ऊस-केळीला बंदी. पावसाळा संपला की आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, उरलेल्यावर ग्रामसभा रब्बीची पिकं ठरवते. पाऊस कमी, तर गव्हाचं क्षेत्र कमी. विहिरीतलं पाणी वरच्या मुरमातलं, ते दर पावसाळ्यात भरतं. बोअर खालच्या भेगांतलं ओढतं, ते भरायला किती वर्षं लागतील कोण सांगणार!

परतीच्या वाटेवर गाडीत भांडण झालं. ठिबकनं पाणी वाचतं, असं मी म्हणालो. "वाचलेल्या पाण्यावर तू दीड एकर डाळिंब वाढवलंस की," शेजारच्या अण्णांनी ऐकवलं. उत्तर नव्हतं.

जाणाऱ्यांनी ग्रामपंचायतीला आधी फोन करावा. थेट गेलात तर माहिती द्यायला माणूस मोकळा असेलच असं नाही. ताळेबंदाची चर्चा ऐकायची असेल तर पावसाळा सरल्यावर जा. विहिरींची खरी परीक्षा बघायची तर मे महिन्यात. गावच्या पावसाचे आकडे आणि विहिरीची पातळी लिहून न्या, नाहीतर नुसते कमानीचे फोटो घेऊन याल. आणि गाडीत एक जागा बोअरबंदीला विरोध करणाऱ्यासाठी ठेवा. आमच्यात तो मीच होतो.

दुसऱ्या दिवशी दोरीला दगड बांधून विहिरीत सोडला. पाणी एकोणतीस फुटांवर. वहीत तारीख टाकलीय.