सात दिवसांचे आठ दिवस

हाताला प्लास्टर घालताना डॉक्टर म्हणाले, "सहा आठवडे." मी मनात लगेच "दीड महिना" करून टाकलं, आणि तिथेच फसलो. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. दीड महिना भरतो पंचेचाळीस-शेहेचाळीस दिवसांचा. एरवी तीन-चार दिवसांना कोण विचारतं? पण प्लास्टरच्या आत खाज सुटली की एकेका दिवसाची किंमत कळते.

चार आठवड्यांचा महिना खरा ठरतो तो फक्त अठ्ठावीस दिवसांच्या फेब्रुवारीत. तसे बारा महिने धरले तर वर्ष ४८ आठवड्यांतच आटोपतं. बाकीचे चार गेले कुठे, याचा तपास कुणीच करत नाही. खरं वर्ष म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस, लीप वर्षी दोन. वाढदिवसाचा वार दरवर्षी पुढे सरकतो तो या शिल्लक दिवसामुळेच.

त्यात आपली मराठी. आठवडा सातांचा, नावात मात्र आठ! "आठ दिवसांनी ये" म्हणजे पुढच्या त्याच वारी. सोमवार ते सोमवार दोन्ही टोकं धरून मोजलं की बोटं आठ लागतात. मग दोन आठवड्यांचे सोळा का नाहीत? मधला सोमवार एकदाच मोजायचा, म्हणून पंधरा. हा हिशोब मला प्लास्टरमध्येच उमगला. रिकामपण मोठं शिक्षक असतं.

दिवस, महिना, वर्ष यांच्यामागे आकाशातली कुठली तरी फेरी आहे. आठवड्यामागे तसं काहीच नाही, तरी चिवटपणात तोच सगळ्यांचा बाप. फ्रान्सच्या क्रांतिकारकांनी १७९३ मध्ये दहा दिवसांचा आठवडा आणला, सोव्हिएत सरकारने १९२९ मध्ये पाच दिवसांचा आणि मग सहाचा. टिकला एकही नाही. १५८२ मध्ये आपण आज वापरतो ते नवं कॅलेंडर आलं तेव्हा ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला. दहा तारखा गायब. पण आदल्या दिवशी गुरुवार होता, म्हणून त्या दिवशी शुक्रवारच! त्याच कॅलेंडरात चारशे वर्षांचे १,४६,०९७ दिवस होतात. त्यांना सातने भागा: २०,८७१ आठवडे, बाकी शून्य. आठवड्याचं आणि वर्षाचं जमतं, पण चारशे वर्षांतून एकदा.

पाचव्या आठवड्यात मी डाव्या हाताने सेकंदांवर घसरलो. सहा आठवड्यांचे सेकंद ३६,२८,८००. आकडा ओळखीचा वाटला म्हणून पडताळून पाहिला, तर एक ते दहा या सगळ्या आकड्यांचा गुणाकार नेमका एवढाच! एकाचाही फरक नाही. शोध माझा नव्हे, पण आनंद माझाच होता.

बेचाळिसाव्या दिवशी हे डॉक्टरांना सांगितलं. ते एक्स-रे उजेडाकडे धरून बघत होते. म्हणाले, "वा! पण हे अजून आठ दिवस राहू दे."

सात की आठ, ते मी तिथल्या तिथे विचारून घेतलं.