कळव्याच्या मावश्या आणि माइकचं बटण

कळव्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये घरकामवाल्या मावश्या संध्याकाळी शिकायला येतात. सरकारचा उल्हास कार्यक्रम आहे ना, २०२२ ते २०२७ वाला, १५ वर्षांवरच्या निरक्षरांसाठी, त्याचं ॲप पण आहे, पण खरं सांगू का, व्हॉट्सॲपच जास्त कामाला येतं. व्हॉइस मेसेज त्यांना आधीपासूनच जमतो, मग मी म्हणते आता कीबोर्डवरचा माइक दाबून बोला, मराठीत अक्षरं उमटतील ती बोट ठेवून वाचा. एक मावशी "आज पाणी नाही" बोलल्या, आणि पुढच्या मेसेजमधलं "पाणी" आपलं आपणच शोधलं!

बाकी भांडी घासून बोटं इतकी खरखरीत होतात की स्क्रीन टचच घेत नाही, हे कुठल्या डिझायनरला सुचणार. उल्हासची परीक्षा १५० मार्कांची, वाचन लेखन गणित ५०-५०. गणिताचं टेन्शन नाही, खाड्यांचा हिशोब तोंडपाठ असतो, लिहायचं म्हटलं की मात्र सगळ्यांचे चष्मे घरी राहिलेले असतात.